भूगर्भातील वाफ आणि वायूंची साक्ष

बुऱ्हाणपूरच्या लालबाग परिसरात जमिनीखाली सुमारे ८० फुटांवर एक भुयार आहे. सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी त्यात झिरपते आणि केवळ उताराच्या बळावर शहराच्या दिशेने वाहते. भुयारावर ठरावीक अंतराने शंभराहून अधिक उभ्या विहिरी खोदलेल्या असून त्यांना ‘कुंडी’ म्हणतात. त्यांवरूनच या रचनेला ‘कुंडी भंडारा’ हे नाव मिळाले. जहांगीराच्या काळात, १६१५ मध्ये, अब्दुल रहीम खानखाना यांच्या पुढाकाराने आणि तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाच्या आखणीनुसार हे काम झाले, असे मानले जाते. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत त्याचा समावेश झाला.

या भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे पांढुरके थर साचलेले आहेत. पावसाचे पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड वायू सोबत घेते. त्यामुळे किंचित आम्लधर्मी झालेले हे पाणी खडकातील कॅल्शियम विरघळवत खाली उतरते. भुयारात पोहोचल्यावर त्याला प्रथमच मोकळी हवा भेटते, विरघळलेला वायू पाणी सोडून हवेत जातो आणि वायूच्या आधाराने टिकून राहिलेला चुना भिंतीवर बसतो. निसटून गेलेला वायू दिसत नाही, पण तो गेल्याची खूण मागे राहते.

पाण्यात विरघळलेल्या वायूला शेजारी मोकळी जागा मिळाली की तो तिकडे धाव घेतो, हा साधा नियम लालबागेच्या थंड भुयारात जसा लागू पडतो, तसाच तो जमिनीखाली दोन-तीन किलोमीटर खोल, अडीचशे अंश सेल्सिअस तापमानाच्या खडकातही लागू पडतो. फरक इतकाच की, तेथे मोकळी जागा हवेची नसून वाफेची असते. याच नियमाच्या आधारे भूरसायनशास्त्रज्ञ एका महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर काढतात. भूऔष्णिक साठ्यात पाणी किती आणि वाफ किती, हा तो प्रश्न. भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाल्यापासून गरम पाण्याच्या झऱ्यांवर वीज तयार करण्याच्या चर्चेला पुन्हा वेग आला आहे. अशा वेळी हे शास्त्र आणि आपल्या परिसरातील झऱ्यांविषयी ते काय सांगते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

‘ऊन’ पाण्याची गावे

लालबाग ज्या तापीच्या खोऱ्यात आहे, ते खोरे भूशास्त्रात सोन-नर्मदा-तापी या मोठ्या भेगपट्ट्याचा भाग मानले जाते. याच पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याने पश्चिमेकडे गेल्यास, जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात उनपदेवचा गरम झरा लागतो. शरभंग ऋषींच्या कथेशी त्याचे नाते सांगितले जाते. पूर्वेकडे मध्य प्रदेशात अनहोनी आणि छत्तीसगडमध्ये तातापानी ही याच पट्ट्यातील ठिकाणे. दक्षिणेला पैनगंगेच्या काठी नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर आहे.

गोव्याला अधिक जवळचा पट्टा कोकणाचा. पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत सुमारे ३५० किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्टीत गरम झऱ्यांची सुमारे १८ ठिकाणे आहेत. सातिवली, अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळचे उन्हाळे ही त्यांतील परिचित नावे. पाण्याचे तापमान ठिकाणागणिक सुमारे ४० ते ७० अंशांच्या दरम्यान असते. उनपदेव, उनकेश्वर, उन्हवरे, उन्हाळे या नावांत ‘ऊन’ म्हणजे उष्ण हा शब्द आहे. कोकणीतले ‘हून उदक’ त्याच कुळातले. लोकांनी झऱ्याचा गुण गावाच्या नावात नोंदवून ठेवला. त्या उष्णतेमागे जमिनीखाली काय दडले आहे, हा प्रश्न मात्र शास्त्राचा.

वाफेचा प्रश्न का महत्त्वाचा

भूऔष्णिक वीज दोन मुख्य मार्गांनी तयार होते. खोल विहिरीतून वाफ मिळत असेल, तर ती थेट जनित्राच्या चक्रावर सोडता येते. नुसते गरम पाणी मिळत असेल, तर त्याची उष्णता कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला देऊन त्या द्रवाच्या वाफेवर चक्र फिरवावे लागते. या दुसऱ्या प्रकाराला ‘बायनरी’ पद्धत म्हणतात. तीत वीज मिळते, पण तेवढ्याच विजेसाठी कितीतरी अधिक पाणी उपसावे लागते.

इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये प्रिन्स पिएरो जिनोरी कोंती यांनी जमिनीतून येणाऱ्या वाफेवर पाच दिवे उजळून दाखवले आणि १९१३ मध्ये तेथे २५० किलोवॉटचे केंद्र उभे राहिले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ‘द गीझर्स’ येथे १९६० मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. ही दोन्ही क्षेत्रे वाफप्रधान आहेत. तेथील विहिरींतून कोरडी वाफ येते. न्यूझीलंडमधील वैराकेई येथे १९५८ मध्ये सुरू झालेले केंद्र मात्र पाणीप्रधान साठ्यावर उभे आहे. तेथे पाणी वर येताना दाब उतरतो, त्यातील काही भाग उकळतो आणि ती वाफ वेगळी काढून वापरली जाते.

साठा कोणत्या प्रकारचा आहे यावर विहिरींची संख्या, जनित्राचा प्रकार, वापरलेले पाणी परत जमिनीत सोडण्याची व्यवस्था आणि साठा किती वर्षे टिकेल, हे सारे अवलंबून असते. अंदाज चुकला, तर मोठ्या खर्चाने खोदलेली विहीर काही वर्षांत निकामी ठरू शकते.

आकारमानाने निम्मी, वजनाने दोन टक्के

वातावरणाच्या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळते. खोल जमिनीत दाब अधिक असल्याने ते दोनशे-अडीचशे अंशांपर्यंतही द्रवरूप राहू शकते. २४० अंशांना पाणी उकळायचे असेल, तर दाब सुमारे ३३ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तेहतीसपट असावा लागतो. तापमान आणि दाब यांची अशी जोडी जमली की खडकाच्या भेगांत आणि छिद्रांत पाणी व वाफ एकत्र नांदतात.

येथे एक हिशेब ध्यानात घ्यायला हवा. २४० अंशांना एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे ८१४ किलो भरते, तर त्याच स्थितीतील एक घनमीटर वाफेचे वजन १७ किलोही नसते. खडकातील निम्मी पोकळी वाफेने आणि निम्मी पाण्याने भरलेली असली, तरी वजनाने वाफेचा वाटा जेमतेम दोन टक्के ठरतो. म्हणून ‘वाफेचा अंश’ म्हटले की तो वजनाने सांगितला आहे की आकारमानाने, हे आधी विचारावे लागते. शास्त्रीय लेखनात तो बहुधा वजनाने दिला जातो. त्यामुळे एक-दोन टक्के हा आकडा दिसायला लहान असला, तरी प्रत्यक्षात मोठ्या जागेत वाफ भरली असल्याचे तो सांगतो.

हा अंश विहिरीच्या तोंडाशी येणाऱ्या वाफेवरून थेट का मोजता येत नाही? कारण विहिरीत येणारे मिश्रण साठ्यातल्या मिश्रणासारखेच असेल, याची खात्री नसते. वाफ हलकी आणि चपळ. ती भेगांतून पाण्याच्या आधी पुढे सरकते. शिवाय विहिरीजवळ दाब उतरताच पाणी उकळू लागते आणि भोवतालच्या तापलेल्या खडकातून जादा उष्णता घेऊन अधिक वाफ निर्माण करते. साठ्यात मुख्यतः पाणी असूनही विहिरीच्या तोंडाशी निव्वळ वाफ दिसू शकते. म्हणून अशा साक्षीदाराची गरज भासते, जो साठ्यातील स्थितीची नोंद स्वतःमध्ये घेऊन वर येतो. वायू हे काम करतात.

वायू वाफेची बाजू का घेतात

भूऔष्णिक वाफेत पाण्याच्या बाष्पाखेरीज कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, मिथेन, हायड्रोजन आणि नायट्रोजन हे मुख्य वायू असतात. अर्गॉन व हेलियम अत्यल्प प्रमाणात आढळतात. सामान्यतः कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सर्वाधिक असते. कुजक्या अंड्यासारखा येणारा परिचित वास हायड्रोजन सल्फाइडचा.

पाणी आणि वाफ एकत्र असतील तेव्हा प्रत्येक वायू दोघांत वाटला जातो. पण ही वाटणी समसमान नसते. २४० अंशांना वाफेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पाण्यातील प्रमाणाच्या सुमारे १४० पट असते. हायड्रोजन सल्फाइडसाठी हा आकडा सुमारे ५०, मिथेनसाठी पाचशेहून अधिक, हायड्रोजनसाठी सातशेच्या आसपास आणि नायट्रोजनसाठी हजाराहून अधिक आहे. अमोनिया पाण्यात सहज विरघळणारा असल्याने त्याच्यासाठी हा आकडा केवळ ५ आहे. तापमान वाढत जाईल तसे हे आकडे घटतात. ३७४ अंशांना पाणी आणि वाफ यांतील भेदच संपतो आणि वाटणीचा प्रश्न उरत नाही.

आता पुन्हा तोच दोन टक्क्यांचा साठा घेऊ. १०० किलो मिश्रणात ९८ किलो पाणी आणि २ किलो वाफ आहे. एक किलो पाण्यात एखाद्या वायूचे एक माप धरले, तर कार्बन डायऑक्साइडची पाण्यात ९८ आणि वाफेत २८०, अशी एकूण ३७८ मापे होतात. वाफ अजिबात नसती, तर ती १०० असती. म्हणजे केवळ दोन टक्के वाफेमुळे हा वायू पावणेचार पटींहून अधिक झाला. हायड्रोजनचा हिशेब याच रीतीने केला तर तो जवळजवळ १५ पट भरतो. अमोनिया मात्र १०८ मापांवरच थांबतो.

या पद्धतीचा गाभा एवढाच आहे. वाफेचा अंश थोडा बदलला तरी काही वायू भराभर वाढतात, काही बेताने वाढतात आणि काही जवळजवळ जागचे हलत नाहीत. प्रत्येक वायूचा प्रतिसाद वेगळा असल्याने त्यांच्या परस्पर गुणोत्तरांतून वाफेचा माग काढता येतो.

दोन अज्ञात, दोन समीकरणे

अडचण अशी की, वायूंचे प्रमाण केवळ वाफेवर ठरत नाही. ते तापमानावरही ठरते. साठ्यात वायू निष्क्रिय नसतात. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून मिथेन व पाणी तयार होते आणि उलट दिशेनेही ही प्रक्रिया चालते. खडकातील लोहाची खनिजेही त्यात भाग घेतात. पायराइट हे लोह व गंधकाचे खनिज हायड्रोजन आणि पाणी यांच्याशी संयोग पावून मॅग्नेटाइट बनते आणि हायड्रोजन सल्फाइड मुक्त होतो. पुरेसा काळ मिळाला की या प्रक्रिया समतोलाला येतात आणि समतोलाची पातळी तापमान ठरवते. या अर्थाने वायू हे साठ्याचे तापमापकही आहेत.

म्हणजे अज्ञात गोष्टी दोन झाल्या, तापमान आणि वाफेचा अंश. शाळेतील बीजगणिताचा नियम येथेही लागू होतो: दोन अज्ञातांसाठी दोन स्वतंत्र समीकरणे हवीत. मिथेनच्या प्रक्रियेतून एक समीकरण मिळते, पायराइट-मॅग्नेटाइटच्या प्रक्रियेतून दुसरे. इटलीचे फ्रांको दामोरे आणि रोमानो चेलाती यांनी १९८३ मध्ये साठ्यातील वाफेचा अंश अशा रीतीने काढण्याची पद्धत मांडली. पुढे दामोरे यांनी अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्रूसडेल यांच्यासह ती विकसित केली. त्यापूर्वी, १९८० मध्ये, न्यूझीलंडचे व्हेर्नर गिगेनबाख यांनी भूऔष्णिक वायूंच्या समतोलाचा पाया घालणारे विवेचन प्रसिद्ध केले होते.

प्रत्यक्षात हे काम आलेखावर केले जाते. आलेखावर एका दिशेने समान तापमानाच्या आणि दुसऱ्या दिशेने समान वाफेच्या अंशाच्या रेषा काढलेल्या असतात. त्यांचे एक जाळे तयार होते. विहिरीच्या वायूंचे पृथक्करण करून आलेला बिंदू या जाळ्यावर मांडला की दोन्ही उत्तरे एकदम वाचता येतात. कधी बिंदू जाळ्याच्या खाली पडतो आणि वाफेचा अंश ऋण निघतो. उणे वाफ असू शकत नाही. त्याचा अर्थ असा की, विहिरीत आलेले पाणी आधीच कोठेतरी उकळले असून त्यातील वायू वाफेसोबत निघून गेला आहे. लालबागेच्या भिंतीवरील चुना जी गोष्ट सांगतो, तीच येथे एक आकडा सांगतो.

नमुना घेण्याची रीत

पद्धत कितीही सूक्ष्म असली, तरी तिचा भरवसा नमुन्यावर असतो. यासाठी जगभर वापरली जाणारी बाटली गिगेनबाख यांच्याच नावाने ओळखली जाते. काचेच्या या बाटलीत तीव्र कॉस्टिक सोड्याचे द्रावण भरून उरलेली हवा काढून टाकलेली असते. वाफ आत सोडली की बाष्पाचे पाणी होते, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड द्रावणात शोषले जातात आणि हायड्रोजन, मिथेन, नायट्रोजन, अर्गॉन व हेलियम हे वायू वरच्या निर्वात जागेत जमतात. प्रयोगशाळेत द्रावण आणि वरचे वायू यांचे स्वतंत्र पृथक्करण होते. विहीर नसेल तेथे जमिनीतील वाफेच्या तोंडावर किंवा झऱ्यातील बुडबुड्यांवर नरसाळे पालथे धरून नमुना घेतात.

सर्वांत मोठा धोका बाहेरची हवा शिरण्याचा. खोल साठ्यातील वायूंत मुक्त ऑक्सिजन जवळजवळ नसतो. म्हणून नमुन्यात तो आढळला, तर हवा मिसळल्याचे कळते आणि तेवढी दुरुस्ती करावी लागते किंवा नमुना बाद करावा लागतो.

या मोजमापाने काय साधते

गीझर्स हे याचे बोलके उदाहरण. तेथील विहिरींतून केवळ वाफ येत असली, तरी ती पुरवणारे बरेचसे पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत द्रवरूपाने साठलेले होते. वाफेचा अंश वजनाने किती लहान असतो, हे वर पाहिलेच. दीर्घकाळ चालणाऱ्या उत्पादनाचा खरा आधार त्यामुळे वाफ नसून तिच्यामागचे पाणीच. १९८०च्या दशकात तेथे मोठ्या प्रमाणावर विहिरी खोदल्या गेल्या आणि दशकाच्या अखेरीस साठ्याचा दाब झपाट्याने उतरला. जेवढे बाहेर काढले, तेवढे आत परत जात नव्हते. १९९७ पासून लेक काउंटीचे आणि २००३ पासून सांता रोसा शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळांनी आणून तेथे जमिनीत सोडले जाते आणि त्यातून नवी वाफ तयार होते.

उत्पादन सुरू असताना ठरावीक काळाने वायूंचे पृथक्करण केले, तर साठा कोणत्या दिशेने बदलतो आहे याची कल्पना येते. वाफेचा अंश वाढू लागला, तर पाणी आटून पोकळी वाफेने भरत असल्याचा तो इशारा असतो. वायू अचानक घटले, तर आत सोडलेले वायुरहित पाणी विहिरीपर्यंत पोहोचले असण्याची शक्यता असते. जनित्राच्या रचनेसाठीही ही माहिती लागते. वाफेचे पाणी होते, पण वायूंचे होत नाही. ते शीतकात साचतात, चक्रामागील दाब वाढवतात आणि वीज घटवतात, म्हणून ते सतत बाहेर काढावे लागतात. हायड्रोजन सल्फाइड विषारी असल्याने त्याची विल्हेवाट हे वेगळेच काम असते.

पद्धतीच्या मर्यादा

ही पद्धत सर्वत्र सारख्या विश्वासाने वापरता येत नाही. मिथेनची प्रक्रिया फार मंद आहे. तापमान दोनशे अंशांच्या बरेच खाली असेल, तर समतोल साधला असे गृहीत धरता येत नाही. खडकात सेंद्रिय द्रव्य असेल, तर मिथेन आणि अमोनिया तेथूनही येतात. पायराइट-मॅग्नेटाइटची जोडी प्रत्येक साठ्यात असेलच असे नाही. तेथे दुसऱ्या खनिजांची जोडी धरावी लागते आणि उत्तर त्यानुसार बदलते. दुसऱ्या ठिकाणाहून वायू वाहत आला असेल, तर वाफेचा अंश फुगवून दाखवला जातो. म्हणून अनुभवी भूरसायनशास्त्रज्ञ एकाच आलेखावर विसंबत नाहीत. पाण्यातील सिलिका, सोडियम आणि पोटॅशियम यांवरून काढलेले तापमान, विहिरीत प्रत्यक्ष मोजलेले तापमान व दाब आणि वायूंची साक्ष या सर्वांचा मेळ बसला, तरच निष्कर्ष काढला जातो.

कोकण आणि तापीचे झरे काय सांगतात

आता आपल्या परिसराकडे वळू. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. डी. चंद्रशेखरम आणि इटलीचे ए. मिनिसाले यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी मध्य-पश्चिम भारतातील गरम झऱ्यांच्या पाण्याचा व वायूंचा अभ्यास करून तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. या झऱ्यांच्या वायूंत प्राबल्य आहे ते नायट्रोजनचे. त्यासोबत हेलियम लक्षणीय प्रमाणात आढळतो. लार्देरेल्लोसारख्या क्षेत्रांत कार्बन डायऑक्साइडचे राज्य असते; त्याच्या तुलनेत हे चित्र अगदी वेगळे आहे.

नायट्रोजन आला कोठून? बहुतांशी हवेतून, पावसाच्या पाण्यात विरघळून. हे ओळखण्यासाठी अर्गॉन उपयोगी पडतो. हवेत नायट्रोजन आणि अर्गॉन यांचे गुणोत्तर सुमारे ८४ असते आणि हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात सुमारे ३८. झऱ्यातील गुणोत्तर या आकड्यांच्या आसपास असेल, तर वायू पावसासोबत खाली गेला आणि पाण्यासोबत वर आला, असे म्हणता येते. ज्वालामुखीशी निगडित क्षेत्रांत हेच गुणोत्तर कित्येक शेकड्यांपर्यंत जाऊ शकते.

हेलियमची कथा वेगळी. खडकातील युरेनियम आणि थोरियम यांचे किरणोत्सर्गी विघटन होताना हेलियम हळूहळू जमा होतो. जुना ग्रॅनाइट त्यात समृद्ध असतो. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टखाली असा प्राचीन खडक आहे. कोयना परिसरात केलेल्या खोल छिद्रणातही बेसॉल्टचा थर संपल्यावर ग्रॅनाइटच लागला. झऱ्यांतील हेलियमवरून पाणी या जुन्या खडकातून दीर्घकाळ फिरून आल्याचे दिसते. पश्चिम बंगालमधील बक्रेश्वरचे गरम झरेही हेलियमसाठी प्रसिद्ध आहेत.

या साक्षीचा अर्थ असा की, पावसाचे पाणी खोल भेगांतून खाली उतरते, पृथ्वीच्या स्वाभाविक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. जमिनीत दर किलोमीटरला तापमान सर्वसाधारणपणे २५ ते ३० अंशांनी वाढते. म्हणजे दोन-तीन किलोमीटरची फेरी हे झरे तापवायला पुरेशी आहे. त्यासाठी जवळपास तप्त शिलारस असण्याची गरज नाही. वाफेचा अंश काढण्याची वर वर्णिलेली पद्धत येथे लावताही येत नाही, कारण एवढ्या तापमानाला मिथेन आणि हायड्रोजन समतोलाला येत नाहीत. पण पद्धत न लागणे हेही एक उत्तरच आहे. खाली उकळता साठा असता, तर त्यातून निसटलेला कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन आणि हायड्रोजन सल्फाइड यांनी आपली ओळख दिली असती.

मग अपेक्षा कोणती ठेवावी

भारतात १०,६०० मेगावॉट भूऔष्णिक क्षमता असल्याचा आकडा सरकारी निवेदनांत आणि बातम्यांत वारंवार दिसतो. तो देशभरातील ठिकाणांचा एकत्रित अंदाज आहे. प्रत्येक गरम झऱ्याशेजारी वीज केंद्र उभे राहील, असा त्याचा अर्थ नाही. आजही देशात व्यापारी तत्त्वावर चालणारे भूऔष्णिक वीज केंद्र नाही. लडाखमधील पुगा खोऱ्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९७०च्या दशकात केलेल्या उथळ छिद्रणांत सुमारे १४० अंशांपर्यंत तापमान आढळले. देशातील सर्वांत आशादायक क्षेत्र तेच मानले जाते. तातापानी येथे तापमान शंभर अंशांच्या थोडे वर गेले. हिमाचलमधील मणिकरण येथे ५ किलोवॉटचा आणि तेलंगणातील मणुगुरू परिसरात २० किलोवॉटचा प्रायोगिक संच बसवला गेला. दोन्ही संच बायनरी पद्धतीचे होते.

कोकण आणि तापीच्या झऱ्यांबाबत वायूंची साक्ष प्रमाण मानली, तर वाफेवरील मोठ्या केंद्राचे स्वप्न बाजूला ठेवावे लागते. उरते ती उष्णतेच्या थेट वापराची शक्यता. मासळी सुकवणे, काजूगर आणि कोकम वाळवणे, फळप्रक्रिया, रोपवाटिका, आरोग्यस्नाने यांसाठी ५० ते ७० अंशांचे पाणी उपयोगी असते आणि पुरेसा प्रवाह असेल तेथे लहान बायनरी संचाचाही विचार करता येतो. जमिनीखालील कोरड्या, तप्त ग्रॅनाइटमध्ये पाणी सोडून उष्णता मिळवण्याचे तंत्र स्वतंत्र आहे. त्याची शक्यता झऱ्याच्या वायूंवरून ठरत नाही. त्यासाठी खोल छिद्रण आणि वेगळा अभ्यास लागतो.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. वैराकेई येथे उत्पादन सुरू झाल्यानंतर जवळच्या खोऱ्यातील नैसर्गिक उष्ण फवारे मंदावले आणि बंद पडले. आपल्याकडे वज्रेश्वरी, उनकेश्वर किंवा उन्हाळे येथील पाणी केवळ ऊर्जेचे साधन नाही. त्याच्याभोवती देवस्थाने, यात्रा आणि गावांचे जगणे उभे आहे. विहीर खोदल्यावर झरा आटला, तर तो परत आणण्याची हमी कोणी देऊ शकत नाही. वायूंचा नमुना घेण्यासाठी मात्र झऱ्याला धक्काही लावावा लागत नाही. म्हणून एखाद्या झऱ्यावर प्रकल्पाची घोषणा होईल तेव्हा मेगावॉटचा आकडा विचारण्यापूर्वी नागरिकांनी, ग्रामपंचायतींनी आणि पत्रकारांनीही काही साधे प्रश्न विचारायला हवेत. झऱ्यातून कोणते वायू येतात? त्यांचे पृथक्करण कोणी आणि केव्हा केले? त्यावरून साठ्याचे तापमान किती निघते आणि वाफेचा अंश किती? या प्रश्नांची उत्तरे कागदावर येण्याआधी छिद्रण यंत्र झऱ्यापाशी पोहोचू नये.